रुईच्या खोलीतून आलेलं उत्तर

मामा,

लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. तुम्हाला जाऊन साठाच्या वर वर्षं झाली. नेमकी किती ते बोटांवर मोजून पाहिलं, पण दर वेळी वेगळाच आकडा येतो म्हणून सोडून दिलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही परीक्षा न देता सुटलेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला तर अक्षर ओळखता येत नव्हतं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो, उत्तरंही मीच लिहायचो. तेव्हा हे पत्र तिकडे तुम्हाला कोण वाचून दाखवील, ही एक काळजी आहेच. तुमच्या भाच्याच्या हाती मात्र देऊ नका. त्यालाही वाचता येत नव्हतं, पण एवढ्या वर्षांत शिकला असला तर काय सांगावं.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. त्या दुपारी तुम्ही रुईच्या खोलीच्या दारात उभे राहिलात आणि भाच्याला हाक मारलीत. आतून होकाराचं 'हाव' असं उत्तर आलं. ते उत्तर त्याचं नव्हतं. ते माझं होतं. मी मागच्या झरोक्यातून बोललो होतो. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, एवढंच मला विचारायचं आहे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

मी सध्या अकोल्यात, जठारपेठेत, मुलाकडे असतो. घर चांगलं आहे. सून जेवायला वेळेवर वाढते, पण तिची माझ्याबद्दल तक्रार आहे की हाक मारली की मी उत्तर देत नाही. खरंच देत नाही. कोणी हाक मारली की मी आधी थांबतो, कोण मारतंय ते बघतो, दुसरी हाक आली की मगच 'काय' म्हणतो. मुलाला वाटलं म्हातारा बहिरा झाला. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, यांचे कान तुमच्याहून चांगले आहेत. मुलगा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. गेल्या दिवाळीत त्याने माझ्यासाठी कापसाची नवी गादी भरून घेतली. मी तिच्यावर एकदाच आडवा झालो. कान खाली टेकला तसा घरातला सगळा आवाज बंद झाला. रस्त्यावरच्या ऑटोंचा, टीव्हीचा, नातीच्या भांडणाचा, सगळ्याचा. मी उठलो आणि सतरंजी घेऊन जमिनीवर आलो. उशीही घेत नाही, धोतराची घडी डोक्याखाली घेतो. लोकांनी काय समजायचं ते समजावं.

आपण दर्यापूरकडून निघायचो ती सकाळ मला नेहमी आठवते. इंग्रज होता, वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, आणि आपल्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दिवाळी झाली, पहिली वेचणी झाली की तुम्ही सहा माणसं गोळा करायचे. कोणाला जमीन नव्हती, कोणाला होती तर भावांना पुरत नव्हती. आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, पण मी तिसरा, मला त्यात उभं राहायलाही जागा नव्हती. बावीस-तेवीस वर्षांचा असेन. तुम्ही माझ्या बापाला म्हणालात, याला घेऊन जातो, होळीपर्यंत अकोल्याला कापसाच्या जिनात, मग मोर्शीकडे संत्रा तोडायला, पावसाच्या तोंडावर आणून सोडतो. बाप म्हणाला, आणून सोडलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही हसलात. मी हसलो नाही. तुम्ही खरे मामा फक्त भाच्याचे, तुमच्या बहिणीच्या मुलाचे. आम्ही बाकीचे त्याचं ऐकून तुम्हाला मामा म्हणायला लागलो. तो माझ्याच वयाचा होता, उंच, बडबड्या, चालताना दगडाशीही बोलणारा. दुसऱ्याच दिवशी तो माझा जोडीदार झाला.

जिनाच्या फाटकावर आधी काड्यांची पेटी काढून द्यावी लागायची. आत विस्तवाचं नाव नव्हतं, म्हणून बाहेरगावच्या सगळ्या टोळ्यांच्या चुली भिंतीच्या बाहेर, एका ओळीत. भाकरी तुम्ही स्वतः थापायचे. टोळीतल्या दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाही; म्हणायचे, यांच्या जाड भाकरीवर उभं राहून दूरचं दिसते. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कधी ठेचा. तुमच्या भाकरीला मधे एक बोटाचा खळगा असायचा, त्यात तुम्ही तेल सोडायचे. असा खळगा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. सुनेला एकदा करून दाखवायला गेलो तर म्हणाली, बाबा, तुम्ही भाकर फोडली.

आत मोठ्या दालनात रेचे चालायचे. बाया त्यांच्या तोंडात कापूस घालायच्या, सरकी एकीकडे पडायची, रुई दुसरीकडे. ती रुई आम्ही पुरुषांनी धोतराच्या पालात बांधून रुईच्या खोलीत नेऊन टाकायची, आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्यांनी मागितली की तिथूनच उपसून द्यायची. दिवसभर रुईचा भुगा उडायचा. भुवया, पापण्या, मिशा, सगळं पांढरं व्हायचं. रेच्यावर एक थोराड बाई होती, ती दिवस मावळताना आम्हाला बघून म्हणायची, "पोट्टेहो, सांज झाली का तुमी सारे आजोबा दिसता. पोरगी कोन देईन तुमाले?" भाचा तिला म्हणायचा, तू दे की. त्यामुळे मामा, माझ्या डोळ्यांपुढे तो तरुण येत नाही. पांढऱ्या भुवयांचा म्हाताराच येतो. आता मी आरशात बघतो तर तोच दिसतो.

ती खोली तुम्हाला आठवते ना? तिन्ही भिंतींना लागून वाश्यांपर्यंत रुई. समोर दार, मागच्या भिंतीत उंचावर एक गजांचा झरोका, बस. आत पाऊल टाकलं की जिनाचा सगळा धडधडाट एकदम गळून पडायचा. आपलाच आवाज आपल्याला कोणी कानाशी बोलल्यासारखा यायचा, आणि दारात उभ्या असलेल्याला सगळ्यांचे आवाज सारखेच ऐकू यायचे, मऊ, बिनचेहऱ्याचे. पहिल्या दिवशी मी आत गेलो आणि गप काम करत राहिलो. तुम्ही धावत आत आलात, मला मानेला धरून बाहेर ओढलं आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. म्हणालात, "मुका हायेस का बे? आत गेला त बोलत राह्य. शिव्या दे, गानं म्हन, काई बी कर, पन चूप नको राहू." मग समजावून सांगितलंत. रुई वरून काढायची असते. खालून ओढली की वरची कपार तशीच लोंबत राहते आणि मग आवाज न करता खाली येते. खाली सापडलेला माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू जात नाही. म्हणून आतल्याने बोलत राहायचं. दारातून हाक आली की 'हाव' म्हणायचं. तीन हाकांना उत्तर आलं नाही की सगळ्यांनी हातातलं काम टाकून हातांनी रुई उपसायची. हा तुमच्या टोळीचा कायदा. दुसऱ्या टोळ्या हसायच्या, तुमच्या टोळीत मात्र तोवर एकही माणूस दगावला नव्हता.

भाच्याला तर बोलायचं निमित्तच हवं होतं. तो आत गेला की शेठला शिव्या द्यायचा, तालासुरात. एकदा जिनाचा जमादार दारात येऊन उभा राहिला आणि तुम्हाला विचारलं, हे कोण बोलतंय? तुम्ही शांतपणे म्हणालात, "रुई बोलून राहिली, जी." जमादार हसला की घाबरला हे मला अजून कळलेलं नाही, पण निघून गेला. भाचा आत इतका हसला की उचकी लागली. आम्ही दोन दिवस त्यावर हसत होतो. आता ते वाक्य आठवलं की माझ्या हातावर काटा येतो. लिहिताना आत्ताही आला.

तर तो दिवस. बाजाराचा दिवस होता. पाळी सुरू असताना फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर टोळीची टोळी काढून टाकायचे, म्हणून तुम्ही कोणाला सोडत नव्हतात. भाच्याला मात्र बाजारात जायचंच होतं. कशाला, ते त्याने मला सांगितलं नाही; मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो तासभर सांगत बसला असता. याआधी दोनदा आम्ही हेच केलं होतं. दुपारी भोंगा झाला, रेचे थांबले की तुम्ही जेवायच्या आधी एक फेरी मारायचे, प्रत्येकाला त्याच्या जागी हाक, प्रत्येकाचं 'हाव' ऐकलं की मग आपली भाकर सोडायचे. भाचा तेव्हा बहुतेक रुईच्या खोलीतच उबेला पडलेला असायचा, म्हणून तिथून उत्तर आलं की तुम्ही आत डोकावायचे नाहीत. तो मला म्हणाला, "मामानं हाक मारली त तू मांगून हाव म्हनजो. मी रेचे सुरू व्हायच्या आत येतो." मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच. खोलीच्या मागे आणि आवाराच्या भिंतीच्या मधे एक बोळ होता, एरंडाची झाडं वाढलेली. तिथूनच तो भिंतीवरून उडी टाकायचा. मी जाऊन झरोक्याखाली उकिडवा बसलो. तो आला नाही. मला वाटलं, आज फाटकावरचा ओळखीचा असेल, तिकडून गेला. एवढंच वाटलं. मी आजवर हजार वेळा त्या बोळात जाऊन बसलो आहे, आणि हजार वेळा मला एवढंच वाटलं आहे.

भोंगा झाला. रेचे थांबले. ते थांबल्यावर जी शांतता पडायची ती मला कधीच आवडली नाही, जणू कोणीतरी मोठा श्वास घेऊन रोखून धरला आहे. मग तुमचा आवाज आला, दारातून, पण झरोक्यातून मला जवळच वाटला. "हायेस का रे?" मी झरोक्याकडे तोंड करून, त्याच्यासारखा आवाज जड करून, म्हणालो, "हाव." तुम्ही लगेच माझं नाव घेतलं. मी कोपऱ्यावरून वळून आलो आणि माझ्या आवाजात 'हाव' म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि जेवायला गेलात. आपण बाकीचे जेवलो. मी दीड भाकर खाल्ली, वर कांदा. हे मला काहून आठवतं कोण जाणे.

रेचे पुन्हा सुरू झाले आणि तो आला नाही. मी तुम्हाला सांगितलं, त्याचं पोट दुखतंय, बोळात बसला आहे. प्रेसवाल्यांनी रुई मागितली. मी एकटाच आत गेलो, शिव्या द्यायला लागलो, त्याच्याच शिव्या, चालीवर. एका बाजूची कपार खाली आलेली दिसली. कोणीतरी खालून ओढली होती. मी म्हटलं, हेच काम त्याचं, जाताना आणखी दोन पालं भरून रुई काढून गेला असेल. मी तिथूनच उपसायला लागलो. चार वाजले असतील. हाताला रुई लागत होती, रुई लागत होती, आणि मग हात लागला. मी तो पकडून ओढला, जसा माणूस भेटल्यावर धरतो तसा. तो ऊबदार होता, मामा.

पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तुम्हीच त्याला काढलंत, तुम्हीच त्याच्या नाकातोंडातली रुई बोटाने काढत बसलात. डॉक्टर आले, त्यांनी पापणी उचलून पाहिली, हात वाकवून पाहिले आणि म्हणाले की हा दुपारच्या सुट्टीच्या आधीच गेला आहे. तुम्ही म्हणालात, नाही साहेब, सुट्टीत तर तो माझ्याशी बोलला. डॉक्टर म्हणाले, शक्य नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, "माह्या कानानं ऐकलं." जमादार म्हणाला, भ्रम झाला असेल. तुम्ही कोणाशी भांडला नाहीत. तिथेच खाली बसलात, आणि तुमच्या तोंडावर जे आलं ते दुःख नव्हतं. मी तुमच्या समोर उभा होतो, मी पाहिलं. तुमचा चेहरा एखादी गोष्ट कळल्यासारखा झाला होता. मी तोंड उघडणार होतो तेवढ्यात तुम्ही हळूच म्हणालात, "मेल्यावर बी मले हाव म्हनला पोट्टा." तेव्हा मी तोंड मिटलं.

डॉक्टर खरं सांगत असतील तर माझ्या उत्तराने काही बिघडलं नाही. तो आधीच गेला होता. हा हिशेब मी रोज करतो. पण डॉक्टरांनाही अंदाजच करावा लागतो ना? हात तर ऊबदार होता. मग मी स्वतःला सांगतो की रुईत सगळंच ऊबदार राहतं, दगड ठेवला तरी ऊबदार निघतो. मी नंतर एकदा ठेवून पाहिला. निघाला. तरी मन राहत नाही. मी 'हाव' म्हटलं नसतं तर तुम्ही दुसरी हाक मारली असती, मग तिसरी, मग सगळे धावले असते. एवढं तरी झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी नवा टाक आणि शाईची दौत आणलीत. तोवर मी उसन्या टाकाने लिहायचो. म्हणालात, हा तुझा, आता बहिणीला कार्ड लिही. आपण चुलीपाशी बसलो. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. रुई पडली, इलाज चालला नाही, सगळं रीतीने केलं, काळजी करू नको. मग तुम्ही म्हणालात, आता हे लिही, की तो मेल्यावरसुद्धा मी हाक मारली तर हाव म्हणाला, म्हणजे तो कुठे गेलेला नाही. माझा टाक थांबला. तुम्ही विचारलंत, "काहून थांबला? अक्षर नाई येत का?" मी म्हटलं, येते. आणि लिहिलं. मला मिळालेल्या पहिल्या स्वतःच्या टाकाने मी पहिलं खोटं ते लिहिलं, चांगल्या अक्षरात.

ते कार्ड वाचून पुढच्या हंगामात तुमची बहीण आली. तुम्ही टोळी दुसऱ्या जिनात न्यायला तयारच नव्हतात, म्हणून आपण तिथेच होतो. ती एकटी, दर्यापूरहून अर्धी वाट बैलगाडीने आणि अर्धी पायी, फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन फाटकाशी उभी. तुम्ही जमादाराच्या पाया पडून तिला सुट्टीत आत घेतलंत. मी लांबून पाहिलं, तुम्ही तिला खोलीच्या दाराकडे घेऊन चाललात. माझे पाय आपोआप बोळाकडे वळले. तिकडे जायचं असं मी ठरवलं नव्हतं, शपथ. रेचे थांबलेले. झरोक्याखाली बसलो आणि आतून तिचा आवाज आला, बारीक, कोणाला झोपेतून उठवावं तसा. "हायेस का रे, राजा?" मी गप राहिलो. तिने पुन्हा विचारलं. मी गप राहिलो. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फाटला आणि मी म्हणालो, "हाव." मला वाटलं, झालं, आता जाईल. तर ती म्हणाली, "भाकर खाल्ली का?" मामा, या प्रश्नाला मी काय करणार होतो. मी म्हणालो, "हाव." तिने ते फडकं तिथेच उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. रडली नाही. तुम्ही संध्याकाळी त्यातली गुळाची पोळी आम्हा सगळ्यांना वाटलीत. मी माझी खाल्ली नाही, टाकूही शकलो नाही, ती वाळून कडक होईपर्यंत माझ्या वळकटीत होती.

मग तुमची ती रीतच झाली. दर हंगामात, दर दुपारी, सगळ्यांच्या हाका झाल्या की शेवटी त्या दाराशी जाऊन एक हाक त्याला. आणि मी बोळात. चार हंगाम. मोर्शीला संत्र्याच्या बागेत आपण असायचो तेव्हा तुम्ही चांगले असायचे, झाडावरून विनोद करायचे, पण दिवाळी जवळ आली की घाई करायचे, जणू तिकडे कोणी वाट बघतंय. टोळीतले लोक म्हणायचे मामाला बाहेरचं लागलं आहे. काही जण सोडून गेले. रेच्यावरची ती बाई मला एकदा म्हणाली की तुझा मामा चांगला आहे, त्याला कोणा जाणत्याकडे ने. मी म्हटलं, नेतो. नेलं नाही. जाणत्याने मलाच पकडलं असतं.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. कधी कधी मी उत्तर द्यायला तोंड उघडायचो आणि त्याच्या आधी आत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं, रुई खाली बसते तसं. मी घाईने 'हाव' म्हणायचो, ते तुमच्यासाठी नव्हे, आत दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून.

चौथ्या हंगामात एक दिवस मला फिटरबरोबर स्टेशनवर पाठवलं, यंत्राचा पट्टा गाडीने येणार होता. गाडी उशिरा आली. सकाळी गेलो तो दिवेलागणीला परतलो. सगळी वाट मला एकच घोर, आज तुम्ही हाक मारली असेल आणि उत्तर आलं नसेल, आणि तुमचं काय झालं असेल. फिटर विचारत होता, घाम का येतोय, थंडी तर पडली आहे. भिंतीबाहेर आलो तर तुम्ही चुलीपाशी बसून भाकर थापत होतात. मी बसलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणालात, "आज बोलला."

मी विचारलं, कोण.

तुम्ही भाकर उलटली. "रोज तुया आवाज येते," म्हणालात, "आज त्याचा होता."

तुम्ही खळग्यात तेल सोडलंत, भाकर माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, खाय, थंडी हाय. तुमच्या आवाजात राग नव्हता. थट्टाही नव्हती, थट्टा मला ओळखता आली असती. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या दाराशी गेला नाहीत. सुट्टी झाली की भाकर खाऊन लिंबाखाली झोपायचे, अगदी घोरायचे. होळीनंतर मोर्शीला गेलो, तिथून परत आलो, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापात तुम्ही गेलात. मी उशाशी होतो. विचारायला पुरेसा वेळ होता. तुम्ही शुद्धीवर होतात, मला पाणी मागत होतात. मी पाणी दिलं.

आता हे सगळं लिहिल्यावर मला दोनच गोष्टी दिसतात आणि दोन्हींची भीती वाटते. एक, तुम्हाला पहिल्यापासून, डॉक्टर बोलत होते तेव्हापासून, माझा आवाज कळला होता. तरी तुम्ही चार वर्षं मला रोज त्या बोळात बसू दिलंत, आणि शेवटी ते वाक्य बोलून मला सोडून दिलंत. दुसरी, त्या दिवशी खरंच मी नव्हतो आणि खरंच उत्तर आलं. यातलं कोणतं खरं ते मला एकदा कळू द्या. पहिलं असेल तर तुमच्या पाया पडायचं राहिलं आहे. दुसरं असेल तर मग तो रोजच तिथे होता, आणि मी रोज त्याच्या आधी बोलून त्याचं उत्तर खाल्लं.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं, पत्ता काय लिहिणार. सुनेच्या हाती लागू नये म्हणून कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवीन. पण एक राहिलं आहे, ते लिहून थांबतो. तुम्ही लिंबाखाली पहिल्यांदा निवांत झोपलात, त्या दुपारी मी बोळात नाही, दाराशी गेलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी त्याला हाक मारली. एकच. आणि उत्तर यायच्या आत दोन्ही कानांवर हात ठेवून पळालो, थेट फाटकापर्यंत.

मामा, माझं वय झालं. जे असेल ते लवकर कळवा. फक्त हाक मारू नका, कोणाकडून तरी लिहवून घ्या.